दीनानाथांची कंपनी आणि माईंचा संसार

मागे एकदा आमच्या बचत गटाच्या बायकांना घेऊन मी सांगलीला दीनानाथ नाट्यगृहात एका कार्यक्रमाला गेले होते. माधवनगरहून सांगली ती किती लांब, पण घरचं आवरून, पोराबाळांचं करून बायका निघायच्या म्हणजे दोन तास आधी धावपळ. आम्ही पोचलो तर कार्यक्रमाला अवकाश होता. बाहेर उभ्या असताना पाटीकडे बघून एकीनं विचारलं, हे दीनानाथ म्हणजे लताबाईंचे वडीलच ना? मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, ते स्वतः काय करायचे? मी सांगितलं की त्यांची नाटक कंपनी होती, मोठी गाजलेली होती, आणि पुढं ती बुडाली. यावर तिचा पुढचा प्रश्न असा होता की, कंपनी बुडाली तेव्हा घरात खाणारी तोंडं किती होती?

ही बाई यंत्रमागवाल्याच्या घरातली. चार माग होते, ते एकेक करून भंगारात गेले, आणि आता ती गटातून कर्ज घेऊन शिवणकाम करते. म्हणून तिला हाच प्रश्न सुचला. मला मात्र उत्तर देता आलं नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली मी, सांगलीत सून म्हणून आले त्यालाही वीस वर्षं झाली, आणि दीनानाथ म्हणजे लताबाईंचे वडील याच्या पलीकडे माझी गाडी जात नव्हती. मग वाचनालयातून मिळेल ते आणलं, घरातल्या थोरांना विचारलं, आणि हळूहळू हे चित्र जमत गेलं.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, गोव्यातल्या मंगेशीचा. वडील गणेशभट हे मंगेशाच्या देवळातले पुजारी, देवावर अभिषेक करणारे. आई येसूबाई राणे त्याच देवळात गाण्याची सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यातली. त्या काळी अशा घरातल्या मुलाला बापाचं आडनाव मिळत नसे. बाप डोळ्यांसमोर देवाची पूजा करतो, आणि मुलाला त्याचं नाव लावता येत नाही! दीनानाथांनी मग गावाचं आणि देवाचंच नाव घेतलं, मंगेशकर. आज ते आडनाव साऱ्या देशाला ठाऊक आहे, पण ते का घेतलं गेलं ते आपण विसरून गेलो. आता २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लागायला लागलंय. आमच्या गटातल्या एकट्या बाया त्या कागदावर हात फिरवून बघतात. येसूबाईंच्या काळी हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गाणं मात्र मुलाला आईकडून मिळालं, आणि ते भरभरून मिळालं. पाचव्या वर्षापासून बाबा माशेलकरांकडे शिक्षण, पुढं रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम. वझेबुवा म्हणजे घरातून पळून जाऊन उपाशीतापाशी गाणं मिळवलेला माणूस. त्यांच्याकडून घेतलेली विद्या हातची सुटणारी नव्हती. दीनानाथांचा आवाज उंच, धारदार आणि चपळ. तान अशी सुटायची की वीज चमकून जावी. त्यात पंजाबी ढंगाच्या हरकती. ऐकणाऱ्याला वाटावं की आता हा घसरणार, तोच हा बरोब्बर समेवर.

चौदा-पंधरा वर्षांचं हे पोरगं किर्लोस्कर नाटक मंडळीत आलं. वेळही कशी बघा. किर्लोस्कर कंपनीचा जीव की प्राण असलेले बालगंधर्व १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंब्यांना बरोबर घेऊन बाहेर पडले होते आणि त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली होती. किर्लोस्करला गाणारी नायिका हवीच होती. देखणा चेहरा, पाणीदार डोळे आणि तो गळा. मास्टर दीनानाथ हे नाव लोकांच्या तोंडी बसायला वेळ लागला नाही.

आणि मग १९१८ साली, वयाची अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, दीनानाथ कंपनीचे मालक झाले. एकटे नाही, तिघं मिळून. चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि दीनानाथ. चिंतामणराव नट म्हणून पक्के आणि वयानं मोठे. कृष्णराव गाणारे, आपली सिनेमातली पद्मिनी कोल्हापुरे त्यांचीच नात. नव्या कंपनीचं नाव ठेवलं बळवंत संगीत मंडळी. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचं पाळण्यातलं नावही बळवंतच. घरातून वेगळं होताना थोरल्यांचं नाव बरोबर घ्यावं, तसं हे मला वाटतं.

आता कंपनी म्हणजे काय, ते आपल्या बायकांच्या भाषेत सांगते. कंपनी म्हणजे एक अवाढव्य एकत्र कुटुंब. साठ-सत्तर माणसं, मोठी कंपनी असली तर शंभराच्या वर. नट, गायक, तबलजी, सारंगीवाले, ऑर्गनवाले, पडदे रंगवणारे, शिंपी, न्हावी, सामान वाहणारे, आणि हो, आचारी! सगळ्यांचा मुक्काम एकत्र, पंगत एकत्र. गावोगाव फिरताना रेल्वेच्या डब्यांत पडदे, पेट्या, पातेली, सगळा संसार भरायचा. आज नागपूर, उद्या अमरावती, मग खानदेश, इंदूर, बडोदे, इकडं बेळगाव-हुबळी. रात्री नऊ-दहाला पडदा वर गेला की पहाटेच कधीतरी खाली यायचा, कारण प्रेक्षक वन्समोअरवर वन्समोअर घेणार. पावसाळ्यात खेळ कमी, पण पंगत रोजची. खेळ झाला नाही म्हणून चूल थांबत नाही. ज्या बाईनं दहा माणसांचं घर चालवलंय तिला इथंच कळेल की या धंद्यात पैसा कुठं मुरत असेल. गल्ल्यावर रात्री पैशाची रास दिसते, आणि सकाळी वाण्याचं बिल, भाडं, पगार भागवून बघावं तर हातात काही नाही.

पण सुरुवात फार छान झाली. राम गणेश गडकरी तेव्हा मराठीतले सगळ्यांत लाडके नाटककार. त्यांची या तरुण मंडळींवर माया होती. आजारानं खंगलेले असताना त्यांनी भावबंधन पुरं केलं आणि २३ जानेवारी १९१९ ला नागपूरजवळ सावनेरला ते गेले. ते नाटक बळवंत मंडळीनं रंगभूमीवर आणलं. त्यात दीनानाथ लतिका व्हायचे. नटखट, फटकळ, हसरी लतिका. हे नाव लक्षात ठेवा, पुढं घरात यायचंय. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचं उग्रमंगल १९२२ मध्ये आलं. आपल्या मिरजेच्या शाळेत शिकवणारे हे शास्त्रीबुवा, त्यांच्या नाटकात दीनानाथांच्या ठुमरीनं आणि नाचानं थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. मानापमानात ते धैर्यधर झाले. आणि १९२७ साली वीर वामनराव जोश्यांचं रणदुंदुभि. वामनराव अमरावतीकडचे, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग भोगलेले. त्यांच्या नाटकातली तेजस्विनी म्हणजे झोपलेल्यांना जागं करणारी, पारतंत्र्याची चीड असलेली बाई. ती दीनानाथांनी उभी केली.

मला इथं थोडं थांबावंसं वाटतं. बालगंधर्वांची नायिका बघून त्या काळच्या बायकांनी पातळ कसं नेसावं, अंबाडा कसा घालावा हे उचललं, असं आपण नेहमी ऐकतो. ती नायिका सोशिक, कुलीन, डोळ्यांत पाणी आणणारी. दीनानाथांची बाई वेगळी होती. तिच्यात धग होती. पुरुषानंच रंगवलेली बाई ती, हे खरं. पण ज्या काळात आपल्या आज्या-पणज्या माडीवरच्या जाळीआडून नाटक बघत होत्या, त्या काळात तेजस्विनीसारखी बाई समोर उभी राहून गाते आहे, हे त्यांना काय वाटत असेल? त्यांनी ते कुणाला सांगितलं नसेल. पण घरी जाताना मनात ठेवलं असेलच.

आता घराकडं येऊ. खानदेशात तापीकाठी थाळनेर म्हणून गाव आहे. तिथले शेठ हरिदास लाड, गुजराती घराणं. त्यांची मुलगी नर्मदा १९२२ मध्ये दीनानाथांना दिली. पहिली मुलगी झाली ती तान्हेपणीच गेली आणि थोड्याच वर्षांत नर्मदाही गेली. मग १९२७ मध्ये धाकटी बहीण शेवंती त्याच घरात आली. त्या काळी हे सर्रास व्हायचं. बहिणीच्या जागेवर बहीण. तिला विचारलं असेल का, हा प्रश्न आपण आज विचारतो, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. सासरी तिचं नाव शुद्धमती झालं, आणि पुढं सगळ्या जगाच्या त्या माई झाल्या.

२८ सप्टेंबर १९२९ ला इंदूरला माईंना मुलगी झाली. नाव ठेवलं हेमा. पण बापाच्या मनातून ती भावबंधनातली लतिका जात नव्हती. हेमाची लता झाली. म्हणजे ज्या नावाला पुढं सारा देश वेडा झाला ते नाव मुळात नाटक कंपनीतलं, गडकऱ्यांनी लिहिलेल्या आणि दीनानाथांनी साडी नेसून रंगवलेल्या एका पोरीचं. मग १९३१ मध्ये मीना, ८ सप्टेंबर १९३३ ला आपल्या सांगलीत आशा, १९३५ मध्ये उषा आणि १९३७ मध्ये हृदयनाथ.

कंपनीचा दबदबा १९३१ पर्यंत टिकून होता असं म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी सावरकरांचं संन्यस्त खड्ग बळवंत मंडळीनं केलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध. त्यांचं नाटक करायचं म्हणजे सरकारची नजर ओढवून घेणं. वझेबुवांच्या चाली आणि दीनानाथांचा गळा. त्यातली पदं आज नव्वद वर्षांनंतरही गाण्याच्या परीक्षेला मुली म्हणतात. माझ्या शेजारची मुलगी परवाच हार्मोनियमवर घोकत होती.

पण त्याच १९३१ मध्ये मार्च महिन्यात मुंबईत आलमआरा लागला. सिनेमा बोलायला लागला, बोलायलाच नाही, गायलाही लागला. पुढच्या वर्षी आपल्या कोल्हापुरात प्रभातनं अयोध्येचा राजा काढला, त्यात राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे नाटकवालेच. आता हिशेब करा. नाटक कंपनीला एका गावात एका रात्री एक खेळ, त्यासाठी साठ-सत्तर माणसं जेवू घालायची. सिनेमाची रिळं एका पेटीत मावतात, एकाच दिवशी दहा गावांत तीन-तीन खेळ होतात आणि त्या पेटीला जेवण लागत नाही. तिकीट स्वस्त आणि तीन तासांत घरी. त्यात १९२९ पासूनची जगभराची मंदी. शेतमालाला भाव नाही, तर खानदेश-वऱ्हाडातला कापूसवाला नाटकाला पैसे कुठून काढणार?

आणखी एक गोष्ट बदलत होती, तिच्याबद्दल आपण बायकांनी तरी बोललं पाहिजे. स्टेजवर खऱ्याखुऱ्या बाया यायला लागल्या होत्या. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर स्वतःच्या मंडळीतून उभ्या राहिल्या होत्या. १ जुलै १९३३ ला आंधळ्यांची शाळा आलं, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे होत्या, आणि स्त्रीनं स्त्रीची भूमिका करणं लोकांना आवडायला लागलं. मिशी काढून लुगडं नेसलेल्या पुरुषाचे दिवस भरत आले होते. जे आपल्यासाठी बरं झालं तेच या कंपन्यांच्या मुळावर आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

हे फक्त बळवंत मंडळीचं झालं असं नाही. ललितकलादर्शचे केशवराव भोसले १९२१ मध्येच ऐन तारुण्यात गेले होते. बालगंधर्वांसारख्या राजहंसावर त्याच १९२१ मध्ये लाखाच्या वर कर्ज होतं. गाणाऱ्या माणसाच्या हातात तिजोरीची किल्ली दिली की असं होतं, असं मी म्हणणार होते, पण तसं म्हणणं अन्यायाचं होईल. हिशेब ठेवणारे असूनही या कंपन्या बुडाल्या. काळच पालटला होता.

बळवंत मंडळीनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. १९३३ मध्ये विश्राम बेडेकरांचं ब्रह्मकुमारी हे नवं नाटक केलं. मग ठरवलं की ज्या सिनेमानं आपला घास काढला, त्या सिनेमातच उतरायचं. आणि ते उतरले कुठं, तर आपल्या सांगलीत! बळवंत पिक्चर्स असं नाव घेऊन कंपनीनं सांगलीत तळ दिला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर केलं ते हे गाव. इथं नाटकवाल्याला परकं वाटत नसे. बेडेकर आणि चिंतामणराव दिग्दर्शनाला उभे राहिले. चित्र निवडलं कृष्णार्जुन युद्ध, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत. १९३४ मध्ये ते आलं.

आणि चाललं नाही.

सिनेमा हा नाटकाचा मोठा भाऊ नाही, तो वेगळ्याच आईचा मुलगा आहे. स्टेजवर दीनानाथ गाताना समोरचा माणूस मान डोलावतो, त्यावर त्यांना पुढची जागा सुचते. दर प्रयोगाला नवीन गाणं. कॅमेऱ्यापुढं कोण मान डोलावणार? तिथं मोजून मिनिटांत गायचं, पुन्हा गा म्हटलं की तसंच्या तसं गायचं. शिवाय फिल्म, यंत्रं, दिवे, सगळा रोखीचा मामला. नाटक पडलं तर पडदे उरतात, दुसऱ्या गावी दुसरं नाटक लावता येतं. चित्रपट पडला की डब्यातल्या रिळांचं काय करणार? समोर प्रभातसारखी तयार कंपनी, ती १९३३ मध्ये पुण्याला जाऊन आणखी मोठी झालेली. थोडक्यात सांगायचं तर उरलंसुरलं यात गेलं. नाटक मंडळीही मिटली. सोळा-सतरा वर्षांत बळवंत नावाचा सगळा खेळ संपला. पदरात उरलं ते कर्ज.

चिंतामणराव पुढं नट म्हणून काम करत राहिले, बहुरूपी नावाचं आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला १९५८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बेडेकर सिनेमात मोठे दिग्दर्शक झाले, त्यांचंही आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. दोघांच्याही पुस्तकांत कंपनी आहे. दीनानाथांनी मात्र काही लिहून ठेवलं नाही. आणि माईंची बाजू आपल्यापर्यंत येते ती मुलांच्या बोलण्यातूनच.

कंपनी मिटल्यावरची ती सांगलीची वर्षं. माझ्या मते दीनानाथांच्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा काळ हाच, आणि त्याच काळाबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. ज्या माणसाच्या मागं गावोगाव गर्दी धावत होती तो आता घरात बसलेला. शिकायला येणाऱ्या मुलांना गाणं सांगायचं, ज्योतिषाच्या वह्या बघायच्या, मध्येच कुठं बैठक मिळाली तर जायचं. दारू जवळ आली होती. हे लपवण्यात अर्थ नाही, मुलांनीही ते लपवलेलं नाही. मी अशा घरांत जाते, म्हणून सांगते. धंदा बुडालेला पुरुष सकाळी उठून कुठं जायचं हेच त्याला कळत नसतं. बाईला ते कळतं, कारण चूल पेटवायचीच असते.

त्या दिवसांतली एक गोष्ट लताबाईंनी पुढं मुलाखतींत सांगितली. दीनानाथांनी एका शिष्याला पूरिया धनाश्री रियाजाला दिला आणि ते कामाला बाहेर गेले. शिष्य म्हणजे चंद्रकांत गोखले, पुढं मोठे नट झाले ते. त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले. गाताना कुठंतरी स्वर बिनसला. अंगणात खेळणारी पाच-सहा वर्षांची लता आत आली आणि हे असं नाही, असं आहे, म्हणून गाऊन दाखवलं. नेमके तेवढ्यात वडील परत आले आणि दारातच उभे राहून ऐकू लागले. बाहेरच्यांना शिकवतो आणि घरात गवई आहे हे आपल्याला माहीत नाही, असं त्यांनी माईंना बोलून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोरीला उठवून तंबोरा लावला. पहिला राग तोच, पूरिया धनाश्री.

मी हे वाचलं तेव्हा मला दीनानाथांबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. कंपनी जोरात असती तर हा माणूस त्या पहाटे कुठंतरी नागपूरला, रात्रभराचा खेळ करून झोपलेला असता. मुलीचं गाणं त्याच्या कानावर पडलंच नसतं. आणि पडलं असतं तरी काय? मुलींनी स्टेजवर, सिनेमात जावं हे त्यांना पसंत नव्हतं. स्वतः बाईचा वेष घालून गायलेला माणूस, तरी पोरींनी घरंदाज राहावं असं त्याला वाटे. येसूबाईंच्या मुलाला तसं वाटलं, यात मला नवल वाटत नाही. आईच्या गाण्याला समाजानं काय किंमत दिली हे त्यानं बघितलं होतं.

शाळेची गोष्टही सांगलीचीच. लता धाकट्या आशाला कडेवर घेऊन शाळेत गेली. बाळाला वर्गात आणायचं नाही म्हणून मास्तर बोलले, तशी ही रागानं घरी आली ती पुन्हा गेलीच नाही. घरीच नोकराकडून बाराखडी शिकली. आणि थाळनेरला आजोळी गेली की आजीकडून गरबे शिकायची. म्हणजे एका बाजूनं वझेबुवांची तालीम आणि दुसऱ्या बाजूनं गुजराती बायकांचा फेर. आईकडच्या बायकांचा हा वाटा आपण मोजत नाही.

१९३८ साली सोलापूरला नूतन थिएटरमध्ये दीनानाथांचा कार्यक्रम होता, तिथं लता त्यांच्याबरोबर बसून गायली. जलशाला बापलेक एकत्र. स्टेज मुलीसाठी नको म्हणणाऱ्या बापानं तिला शेजारी बसवलं. मन वळलं की गरजेनं वळवलं, कोण जाणे.

१९४० च्या सुमारास मंगेशकरांनी सांगली सोडली आणि ते पुण्याला आले. तब्येत ढासळत गेली. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात दीनानाथ गेले. वय एक्केचाळीस. शेवटच्या दिवसांत त्यांनी लताला जवळ बोलावून तंबोरा आणि चिजांच्या वह्या तिच्या हवाली केल्या आणि मंगेशाचा आशीर्वाद दिला, असं मुलांनी पुढं कितीदा तरी सांगितलंय. तोरण लावून काढलेली कंपनी, पडद्यांचे ढीग, वन्समोअरचा गजर, या सगळ्यातून वारसांच्या नावावर एवढंच चढलं.

आता माईंकडं बघा. माहेर थाळनेरला. नवरा गेला. बारा वर्षांची लता, दहाची मीना, आठची आशा, सहाची उषा आणि चार वर्षांचा हृदयनाथ. दोन-दोन वर्षांच्या अंतरानं पाच पायऱ्या, आणि त्यांच्या वर आई. मास्टर विनायक ओळखीचे. त्यांच्या नवयुगच्या पहिली मंगळागौर या चित्रपटात त्याच वर्षी लताला छोटंसं काम आणि गाणं मिळालं. वडिलांना जे नको होतं तेच करायला मुलगी तोंडाला रंग लावून उभी राहिली. तिला ते तोंडाला रंग लावणं कधीच आवडलं नाही, हे तिनं स्वतः सांगितलंय. पण घरात सहा तोंडं होती. माईंनी तिला जाऊ दिलं. त्या रात्री माईंना झोप आली असेल का, असा विचार माझ्या मनात कितीदा तरी आला.

पुढं विनायकरावांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली आणि माई मुलांना घेऊन कोल्हापूरला गेल्या. १९४३ मध्ये माझं बाळ हा चित्रपट आला, त्यात ही भावंडं दिसतात आणि दहा वर्षांची आशा पहिल्यांदा सिनेमासाठी गायली. कंपनी पुन्हा, पण या वेळी पगारावर. सांगलीपासून कोल्हापूर ते किती लांब! सिनेमावाल्यांच्या ज्या दुनियेत दीनानाथांचं उरलंसुरलं बुडालं होतं, त्याच दुनियेत मुली महिन्याच्या महिन्याला पैसे आणून आईच्या हातात ठेवायला लागल्या.

गेल्या महिन्यात गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब झाल्यावर मी त्या बाईला म्हटलं, तुझा प्रश्न राहिला होता बघ, दीनानाथ गेले तेव्हा सहा तोंडं होती, आईला धरून. तिनं बोटांवर मोजलं. थोरली किती वर्षांची होती म्हणून विचारलं, आणि बारा म्हटल्यावर काही बोलली नाही. तिची थोरली यंदा सातवीत आहे. बैठक संपल्यावर जाताना तिनं मला विचारलं की, दीनानाथांची गाणी मोबाईलवर मिळतात का? मी तिथंच लावून दिली. खरखर फार आहे, जुनी तबकडी ती. पण ती दारात चपला घालायची थांबून शेवटपर्यंत ऐकत राहिली.